समई, अंगठा आणि ऑटो ब्राइटनेस



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या १९व्या श्लोकावर. हा श्लोक म्हणजे दिव्याचा दृष्टान्त. ज्या जागी वारा नाही तिथे ठेवलेल्या दिव्याची ज्योत हलत नाही. ज्याने चित्त आवरलं आहे आणि जो आत्म्याशी जोडला गेला आहे, त्या योग्याची उपमा म्हणून भगवंत हा दिवा अर्जुनापुढे ठेवतात. छोटासा श्लोक. वाचायला दहा सेकंदं लागतात. मी तो किती वेळा वाचला असेन याची मोजदाद नाही. पण तो खरा कळला दोन आठवड्यांपूर्वी, आणि तोही फोनचं एक सेटिंग बंद करताना. हसू नका, खरंच सांगते.

झालं काय

मी पुण्यात नोकरी करते, आई-बाबा डोंबिवलीला. आई गेली कित्येक वर्षं रोज पहाटे देवघरात बसून ज्ञानेश्वरीच्या थोड्या ओव्या वाचते. संख्या ठरलेली नाही, जमेल तेवढ्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सांगितला गेलेला हा ग्रंथ आमच्या घरात आईच्या बारीक, एकसुरी आवाजात आहे. लहानपणी मी त्या आवाजानेच जागी व्हायचे.

पोथीतली अक्षरं तिला बारीक वाटायला लागली, म्हणून गेल्या दिवाळीला मी तिला नवा फोन घेऊन दिला. त्यात ज्ञानेश्वरी टाकली, अक्षर भलंमोठं करून दिलं. आई खूश. फोन आडवा धरला की ओळ अजून मोठी दिसते, हे तिचं तिनेच शोधून काढलं.

मग एक दिवस दुपारी तिचा फोन आला. "अगं, वाचताना मधेच अंधारतं गं. परत उजेड येतो. मग परत अंधारतं."

मी मीटिंगच्या मधोमध होते. म्हटलं, "आई, ते ऑटो असतं. काही होत नाही त्याने. मी नंतर बोलते."

नंतर बोलले नाही. विसरलेच.

तिने पुन्हा विचारलं नाही. दोन महिन्यांनी बाबा सहज बोलता बोलता म्हणाले, "हल्ली ती वाचत नाही. नुसती माळ घेऊन बसते." मी आईला विचारलं, तर "काही नाही गं, कंटाळा येतो हल्ली." माझ्या आईला ज्ञानेश्वरीचा कंटाळा? पोटात गोळा आला. त्याच शनिवारी पहाटेची गाडी पकडली.

बोगद्यातलं पान

गाडीत मी माझा नेम म्हणून सहावा अध्याय उघडला. लोणावळा, खंडाळा गेलं आणि घाटातले बोगदे सुरू झाले. पुण्या-मुंबईत ये-जा करणाऱ्यांना माहीत आहे, तिथे खिडकीत मिनिटभर लख्ख ऊन आणि मिनिटभर मिट्ट काळोख असा खेळ कर्जतपर्यंत चालतो. प्रत्येक बोगद्यात माझ्या फोनचा पडदा मंद व्हायचा, बाहेर पडलो की भक्कन उजळायचा. पान तेच, श्लोक तोच, अक्षरं तीच. फक्त बाहेरचा उजेड बदलला की माझ्या पानाचा उजेड बदलत होता. वैताग येऊन मी फोन मिटला आणि डोळे लावून बसले. १९वा श्लोक तसाच अर्धा राहिला. डोक्यात काही पेटलं नाही, अजून नाही.

कल्याणला उतरून लोकलने डोंबिवली. घरी पोचल्यावर चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. आई डोळ्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मीच तिच्या आधी उठून देवघरात जाऊन बसले. म्हटलं, "आई, वाच ना आज. मला ऐकायचंय."

ती टाळत होती. मग समई लावली, फोन आडवा धरला आणि सुरू केलं. तीन-चार ओव्या झाल्या असतील. आवाज अडखळला. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. पडदा खरंच काळवंडला होता. तिने हात जरा हलवला, उजेड आला. परत दोन ओळी, परत अंधार.

आणि मला दिसलं. फोन आडवा धरल्यामुळे तिच्या डाव्या हाताचा अंगठा फोनच्या वरच्या कडेवर, पुढच्या कॅमेऱ्याच्या शेजारी येत होता. तिथे एक बारीकसा डोळा असतो, आजूबाजूचा उजेड मोजणारा सेन्सर. अंगठा त्याच्यावर आला की त्याला वाटायचं, रात्र झाली. तो पडदा मंद करायचा. अंगठा सरकला की त्याला वाटायचं, उजाडलं. बस्स, एवढंच.

मी तिच्या हातातून फोन घेतला, ऑटो बंद केलं, उजेडाची पट्टी तिला बरी वाटेल तिथपर्यंत सरकवली आणि फोन परत दिला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

"आता वाच."

तिने वाचलं. पाच ओव्या, दहा ओव्या. अंधारलं नाही. मग ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे डोळे नव्हते?"

तिची आई, माझी आजी, काचबिंदूने आंधळी झाली होती. आईने ते सगळं जवळून पाहिलं होतं. दोन महिने आई समजत होती की आपलंही तेच सुरू झालं. कुणाला बोलली नाही. मला तर नाहीच, कारण मी मीटिंगमध्ये असते. वाचायला घेतलं की अंधार दिसायचा आणि भीती वाटायची, म्हणून तिने वाचणंच सोडलं.

(हे वाचणाऱ्यांसाठी लगेच सांगून टाकते: त्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एका डोळ्यात मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, काचबिंदू नाही. पण घरात कुणाला काचबिंदू असेल तर डोळ्यांचा दाब नियमित तपासून घ्यायलाच हवा. फोनचं सेटिंग बदललं म्हणून तपासणी टाळू नका.)

मी तिला "सॉरी" म्हटलं. त्यावर ती जे बोलली, ते आजच्या चिंतनाचं मूळ आहे. अगदी सहज म्हणाली, समईची वात सारखी करता करता:

"अगं, तुझाही आवाज असाच होतो फोनवर. कधी छान मोठा, कधी एकदम बारीक. मी आपली समजते, माझंच काहीतरी चुकलं असेल."

अंगठ्याला रात्र समजणं

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी १९वा श्लोक पुन्हा उघडला. या वेळी ऑटो बंद करून. बोगदे आले आणि गेले, पान तसंच राहिलं.

आधी तो सेन्सर काय करतो ते नीट समजून घेऊ, कारण दृष्टान्त त्यातच आहे. उजेड मोजण्याचं माप आहे लक्स. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात, ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे, आणि समईच्या उजेडातल्या देवघरात अगदी मोजके. सेन्सर हे मोजतो आणि त्याप्रमाणे पडदा उजळ किंवा मंद करतो. हेतू चांगला आहे: उन्हात अक्षर दिसावं, रात्री डोळे दिपू नयेत, बॅटरी वाचावी. पण त्याची समज एवढीशी. अंगठा आणि अंधार यांतला फरक त्याला कळत नाही. समोर बसून कोण वाचतंय, काय वाचतंय, याची त्याला खबर नाही. त्याच्यावर सावली पडली की तो मंद होतो, इतकंच त्याला येतं.

आता स्वतःकडे बघू. सकाळी मॅनेजरने ग्रुपवर कौतुक केलं, मी उजळले. डब्याच्या वेळी सगळ्यांशी हसून बोलले, रिक्षावाल्याला वरचे पाच रुपये सोडले. दुपारी कुणीतरी माझा मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही, मी मंद झाले. त्याच वेळी आईचा फोन आला. तिला काय मिळालं? "हं. बोल. नंतर करते."

उत्तर न आलेला एक मेसेज म्हणजे अंगठा. मी त्याला रात्र समजले. आणि त्या खोट्या रात्रीचा अंधार पडला कुणावर? त्या मेसेजवाल्याला तर पत्ताही नाही. तो पडला डोंबिवलीत, आईवर.

स्थिर मन म्हटलं की आपण आपल्यापुरता विचार करतो. मला शांती मिळावी, माझं टेन्शन जावं, मला झोप लागावी. हे सगळं हवंच. पण भगवंतांनी उपमा दिली ती दिव्याची, आणि दिवा कधी स्वतःसाठी जळतो का? दिव्याच्या उजेडात कुणीतरी दुसरं बसलेलं असतं. कुणी वाचत असतं, कुणी भाजी निवडत असतं, कुणी नुसतं त्या उजेडाच्या आधाराने झोपलेलं असतं. ज्योत फडफडली की दिव्याला काही होत नाही. त्याच्या उजेडात वाचणाऱ्याला मात्र वाटतं, आपले डोळे गेले.

मला आईच्या वाक्यातून हे दिसलं. आपला उजेड बाहेरच्या हवेवर हलत राहिला, की आपल्या जवळची माणसं त्याचा दोष स्वतःकडे घेतात. लहान मूल घेतं, म्हातारी आई घेते, नवरा किंवा बायको घेते, हाताखालचा नवा मुलगा घेतो. "माझंच काहीतरी चुकलं असेल." आणि मग ती विचारणं थांबवतात. हळूहळू वाचणंच थांबवतात.

अर्जुनाची शंका, आणि ती खरी आहे

"पण ताई, वारा नसलेली जागा आणायची कुठून?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. लोकलमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, सतत वाजणाऱ्या ग्रुपमध्ये कुठली आली निवांत जागा?

अर्जुनालाही हेच वाटलं. सहाव्या अध्यायात एकूण ४७ श्लोक आहेत. १९व्या श्लोकात भगवंत वारा नसलेल्या जागेतला दिवा दाखवतात. पुढे ३४व्या श्लोकात अर्जुन काय म्हणतो बघा: मन चंचल आहे, दांडगं आहे, त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड. लक्षात येतंय का? भगवंत म्हणतात, वारा नको. अर्जुन म्हणतो, देवा, वारा तर माझ्या आतच आहे! बाहेरची खिडकी लावून काय होणार?

मला हा अर्जुन फार जवळचा वाटतो. तो साक्षात कृष्णासमोर बसून "जमत नाही" असं सांगतो. आणि भगवंत त्याला रागावत नाहीत. ३५व्या श्लोकात ते आधी कबूल करतात की हो, मन आवरायला कठीण आहे, यात शंकाच नाही. मग दोन साधनं देतात: अभ्यास आणि वैराग्य.

त्याआधी २६व्या श्लोकात त्यांनी रीतही सांगून ठेवली आहे. मन जिथे जिथे निसटेल, तिथून तिथून त्याला परत आणायचं. निसटणार हे गृहीतच धरलंय. एकदा आणलं की कायमचं राहील, असं कुठेही म्हटलेलं नाही.

फोनच्या भाषेत सांगायचं तर ऑटो बंद केलं म्हणजे काम संपलं असं होत नाही, उलट काम सुरू होतं. आता पट्टी आपल्या बोटाने सरकवायची. उन्हात गेलं की वाढवायची, झोपताना कमी करायची. पहिल्याच दिवशी मी रस्त्यावर फोन काढला, काही म्हणजे काही दिसेना! रात्री उशाशी फोन उघडला तर डोळे दिपले. दोन्ही वेळा चूक माझी, दुरुस्तीही माझ्याच बोटाने. पण दोन्ही वेळा मला ठाऊक होतं की हा उजेड कुणी ठरवला. अभ्यास याचीच सवय लावतो. वैराग्य म्हणजे काय? अंगठा पडला तरी त्याला रात्र न समजणं.

मग काही वाटूनच घ्यायचं नाही का?

एका मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे दगड व्हायचं? कुणी काहीही बोललं तरी हसत राहायचं?"

नाही गं. एकनाथ महाराजांची गोष्ट आठव. गावोगावच्या कीर्तनात सांगतात ती. पैठणला नाथ गोदावरीचं स्नान करून परतत असताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ मागे फिरले, पुन्हा स्नान करून आले. तो पुन्हा थुंकला. कथेत १०८ वेळा सांगतात. शेवटी थुंकणाराच शरमला आणि पाया पडला, तेव्हा नाथ म्हणाले, तुझ्यामुळे मला आज इतक्या वेळा गोदामाईचं स्नान घडलं.

ही गोष्ट आपण "नाथांना राग आला नाही" म्हणून सांगतो. मला या वेळी तिच्यात दुसरंच दिसलं. नाथ थुंकी अंगावर घेऊन तसेच पुढे गेले नाहीत. "मला काही फरक पडत नाही" असंही म्हणाले नाहीत. अंग मळलं, हे त्यांनी मान्य केलं आणि दर वेळी ते नदीवर परत गेले. म्हणजे दर वेळी पट्टी स्वतःच्या हाताने जागेवर आणली. थुंकणाऱ्याने त्यांना कुठे पाठवलं? नदीवर. ते तर त्यांनाच जायचं होतं! समोरच्याने काय करावं हे नाथांच्या हातात नव्हतं. आपण त्यानंतर कुठे जायचं, हे मात्र त्यांनी त्याच्या हाती दिलं नाही.

म्हणून वाईट वाटू दे, रागही येऊ दे. ऑफिसात अन्याय झाला तर स्पष्ट बोला, भांडायची वेळ आली तर भांडा. गीता सांगितली गेली तीच मुळी रणांगणावर, आणि ऐकणाऱ्याला शेवटी धनुष्य उचलायचंच होतं. फक्त मॅनेजरचा अंधार आईला देऊ नका. आणि ऑफिसातला उजेड तेवढा ऑफिसातच संपवून घरी मंद होऊन येऊ नका. मी नेमकं तेच करत होते. दिवसभर परक्यांसाठी फुल ब्राइटनेस आणि घरच्यांसाठी उरलेली चार टक्के बॅटरी.

आधी सेटिंग, मग साधना

फोनचं करायचं असेल तर अवघड नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग डिस्प्ले, तिथे 'अडॅप्टिव्ह ब्राइटनेस' किंवा 'ऑटो ब्राइटनेस' असं बटण असतं, ते बंद करायचं. आयफोनमध्ये ते डिस्प्लेच्या पानावर सापडत नाही; सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, मग 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज', आणि त्या पानाच्या अगदी तळाशी 'ऑटो-ब्राइटनेस'. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनमध्ये हे त्यांच्या शेजारी बसून करा, आणि पट्टी कुठे असते, बोटाने कशी सरकवायची ते त्यांच्याच बोटाने करवून घ्या. "मी करून देते, तू राहू दे" असं नको.

तोटेही सांगते. पट्टी कायम वर ठेवली तर बॅटरी लवकर उतरते. बऱ्याच फोनमध्ये कडक उन्हातला सगळ्यात जास्त उजेड ऑटो चालू असेल तरच मिळतो, हाताने तितका वर जात नाही. आणि फोन फार तापला तर ऑटो बंद असूनही तो स्वतःला वाचवायला पडदा मंद करतो. माणसाचंही तसंच आहे. झोप नाही, जेवण नाही, सतत तापलेलं डोकं, मग कितीही साधना असली तरी उजेड घटणारच. म्हणून तर याच अध्यायात १७व्या श्लोकात भगवंत आहार, विहार, झोप आणि जागरण बेताचं ठेवायला सांगतात. थकलेल्या माणसाला प्रवचन नको असतं, झोप हवी असते. कधी कधी तेच पहिलं साधन.

आता एक गंमत. २०१८ साली अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीत हे ऑटो शिकायला लागलं. म्हणजे तुम्ही हाताने पट्टी कुठे सरकवता हे फोन लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तशा उजेडात आपणहून तिथे नेऊन ठेवतो. हे वाचलं आणि मी चमकले, कारण याच अध्यायाच्या शेवटी, ४४व्या श्लोकात, भगवंत सांगतात की आधी केलेला अभ्यास माणसाला त्याच्याही नकळत पुढे ओढून नेतो. तेव्हा 'आपोआप' हा शब्द काही वाईट नाही. माझ्यातलं आपोआप कुणी शिकवलं, हा खरा प्रश्न. समोर येणाऱ्या प्रत्येक सावलीने शिकवलं, की मी रोज हाताने सरकवलेल्या पट्टीने? आईचं पहाटे उठणं हेही आता आपोआपच आहे. पण ते वर्षानुवर्षं तिच्या हाताने शिकवलेलं आहे. आपल्याकडे याला संस्कार म्हणतात.

आणि जमलं नाही तर? अर्जुनाने तेही विचारून ठेवलंय: देवा, सुरुवात केली आणि मधेच घसरलो तर? ४०व्या श्लोकात भगवंत त्याला किती मायेने हाक मारतात, 'तात' म्हणून, बाळा म्हणावं तशी, आणि सांगतात की चांगलं करू पाहणाऱ्याची दुर्गती कधीच होत नाही. मी गेल्या दोन आठवड्यांत तीनदा तरी आईशी तुटक बोलले. फरक इतकाच की आता दहा मिनिटांत परत फोन करते. "आई, मघाशी ऑफिसचं डोक्यात होतं. तुझं काही चुकलं नव्हतं."

पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "हो का? बरं झालं सांगितलंस."

आजचा अभ्यास

१. आठवडाभर फोनचं ऑटो बंद ठेवून बघा. हात पट्टीकडे गेला की स्वतःला एकदा विचारा: या घडीला माझा उजेड कोण ठरवतंय?

२. घराचं दार उघडण्याआधी किंवा घरचा फोन उचलण्याआधी एक श्वास आणि एकदा नाम. तेवढ्या वेळात पट्टी जागेवर येते.

३. ज्या माणसाने आपल्या मंद उजेडाचा दोष स्वतःकडे घेतला असेल, त्या एकाला आज सांगा, "तुझं काही चुकलं नव्हतं." हे सगळ्यात अवघड आहे. म्हणून जमलं तर हेच आधी करा.

प्रार्थना

हे पांडुरंगा, वारा थांबव असं मागत नाही. माझ्यावर पडलेली सावली ओळखायची बुद्धी दे. माझ्या उजेडात जे कुणी वाचत बसलेत, त्यांच्या डोळ्यांत माझ्यामुळे भीती येऊ देऊ नकोस. हात घसरला तर पुन्हा वात सारखी करायची आठवण दे.

आई पुन्हा वाचायला लागली आहे. सध्या सहावाच अध्याय चालू आहे तिचा, योगायोगाने. काल सकाळी फोनवर मला दोन ओव्या वाचून दाखवल्या. मी मीटिंगला चार मिनिटं उशिरा गेले.

राम कृष्ण हरी!